घोडे नसलेली दख्खन : एका पर्यायी इतिहासकथेचे चौदा महिने

मागच्या आठवड्यात कथेच्या कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र ईमेलवर आलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेलं काम एप्रिल २०२५ मध्ये पूर्ण झालं. मध्ये दोनदा मी ते सोडून दिलं होतं. ‘असं झालं असतं तर’ या जातीची ऐतिहासिक कथा मराठीत लिहायला घेतलेले दोघे-तिघे मला या काळात भेटले. सगळ्यांचे प्रश्न तेच होते: कागदपत्रं कुठे बघायची, कोणाला विचारायचं, किती दिवस लागतात. म्हणून सगळं तारखांसकट लिहून ठेवते आहे.

सुरुवात एका रोगापासून झाली. आफ्रिकन हॉर्स सिकनेस नावाचा घोड्यांचा रोग चिलटांमुळे पसरतो आणि लागण झालेल्या घोड्यांपैकी बहुतेक मरतात. झेब्र्याला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही. गाईबैल त्याने आजारी पडत नाहीत. १९५९-६० च्या सुमारास ही साथ इराणमार्गे पाकिस्तान आणि भारतापर्यंत आली होती. ११ फेब्रुवारीच्या रात्री हे वाचताना मनात आलं, हीच साथ सव्वादोनशे वर्षं आधी आली असती तर? दख्खनेत चांगले घोडे अरबस्तानातून, इराणातून जहाजांनी येत. एखाद्या जहाजातून १७२६ साली आजारी घोडे उतरले आणि दोन पावसाळ्यांत नर्मदेपासून कृष्णेपर्यंत पागा ओस पडल्या, असं समजू. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडच्या लढाईत काय झालं असतं? बाजीराव कशावर बसून निजामाला वेढतो?

वहीत पहिल्याच पानावर मी जनावरांची यादी केली. हत्ती, उंट, रेडा, बैल, नीलगाय, गवा, आणि समुद्रापलीकडून आणलेला झेब्रा. तो महिना फार आनंदाचा होता, कारण तेव्हा सगळंच शक्य वाटत होतं. झेब्र्याचा मोह सोडवत नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैरोबीत रोझेंदो रिबेरो नावाचे एक गोमंतकीय डॉक्टर झेब्र्यावर बसून रुग्ण तपासायला जात. म्हणजे एखादा झेब्रा माणसाळतो. पण एक माणसाळणं वेगळं आणि पाच हजारांची पागा उभी राहणं वेगळं. झेबरे पकडले की चावतात, बिथरतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेली त्यांची पैदास कुठेच नाही. गवा आणि नीलगाय याच कारणाने गेले. हत्तीचा गाभणकाळ बावीस महिन्यांचा, खाणं दिवसाला शंभर-दीडशे किलो. राजाची सवारी ठीक, शिलेदाराला कसा परवडणार?

रेड्यावर मात्र मी पूर्ण मार्च घालवला. ब्राझीलमधल्या माराजो बेटावर पोलीस आजही म्हशी-रेड्यांवर बसून गस्त घालतात. चिखल आणि दलदल असेल तिथे त्यांना तोड नाही. माझ्या डोळ्यांसमोर दृश्य उभंच राहिलं: पहाटेच्या धुक्यातून रेड्यांची फौज येते आहे आणि समोरच्याला साक्षात यम आल्यासारखं वाटतं आहे. तीन हजार शब्द लिहूनही झाले. मग कळलं की म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी असतात. उन्हात तिला डुंबायला पाणी लागतंच. माघ-फाल्गुनात गोदावरीच्या खोऱ्यात दुपारी रेड्यांची फौज पळवणं म्हणजे ती मारणंच. ते तीन हजार शब्द मी काढून टाकले. फार वाईट वाटलं. आधी जनावराची शरीरप्रकृती तपासा आणि मग दृश्य लिहा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर एक महिना वाचला असता.

उरले उंट आणि बैल.

२ एप्रिलला एका पशुवैद्यकीय महाविद्यालयाला पत्र पाठवलं. कथेसाठी माहिती हवी आहे, अर्धा तास द्यावा, प्रश्न सोबत जोडले आहेत. ईमेलला उत्तर आलं नाही. चौकशी केल्यावर समजलं की अर्ज कागदावर, दोन प्रतींत, आवक शाखेत द्यायचा आणि पोच घ्यायची. तो दिल्यापासून २३ व्या दिवशी फोन आला. एक प्राध्यापक भेटले. अर्धा तास ठरला होता, त्यांनी अडीच तास दिले. इथे एक सांगते. ‘कथा लिहिते’ म्हटल्यावर लोक हसतील अशी मला भीती होती. एकही जण हसला नाही. आपल्या विषयाबद्दल कुणीतरी नेमका प्रश्न विचारतंय याचाच लोकांना आनंद होतो. फक्त प्रश्न नेमके न्या. ‘बैल युद्धात चालेल का?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. ‘पंचाहत्तर किलो वजन पाठीवर घेऊन बैल रोज किती चालेल, आणि सलग किती दिवस?’ असं विचारलं की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो.

त्या अडीच तासांत माझी कथा उलटीपालटी झाली. घोडा चरतो आणि निघतो. बैल रवंथ करणारं जनावर आहे. खाल्लेलं पुन्हा तोंडात आणून चघळायला त्याला दिवसाचे सहा-आठ तास लागतात, आणि ते बहुतेक निवांत बसून. तेवढी विश्रांती दिली नाही तर दोन-चार दिवसांत तो खालावतो. म्हणजे बैलांची फौज रात्रंदिवस दौडत जाऊन अचानक उगवू शकत नाही. तिचा दिवस रवंथाभोवती बांधलेला असतो. खरा बाजीराव पालखेडच्या आधी खानदेश, गुजरात असा फिरून निजामाला मागे ओढत राहिला होता. निजामाने वेगासाठी तोफखाना मागे ठेवला आणि शेवटी पाण्यापासून तुटलेल्या जागी तो कोंडला गेला. या सगळ्याचा पाया घोड्याचा वेग. तो काढून घेतला की दोन्ही सैन्यं सारखीच हळू होतात.

आणि उंट कोणाकडे जास्त? मोगली पद्धतीच्या फौजांकडे, म्हणजे निजामाकडे. उंटावर जंबुरे, म्हणजे छोट्या तोफा, लादलेले असतातच. बैलाला उन्हाळ्यात रोज चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं आणि उंट काही दिवस पाण्याशिवाय काढतो. पाणी तोडून निजामाला जेरीस आणायचं हा डाव, आणि माझ्या कथेत वेढा घालणारेच आधी तहानेने कोलमडत होते. मी तीन वेगवेगळ्या कागदांवर हिशेब मांडला. तिन्ही वेळा बाजीराव हरला.

त्या रात्री मी वही बंद केली ती अठरा दिवस उघडली नाही. लहानपणापासून ज्या लढाया ऐकत वाढले, त्यातली एक माझ्याच हाताने हरवायची हे मला जमेना. हिशेबात थोडी फसवणूक करून जिंकवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मग इतके दिवस प्रश्न विचारत हिंडले ते कशासाठी?

मे महिन्यात अभिलेखागारात जायचं ठरवलं. मला दाणावैरणीचे हिशेब बघायचे होते. आधी सल्ला: मूळ कागद बघण्यापूर्वी गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड चाळा. ते देवनागरीत छापलेले आहेत आणि मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. तिथे भागलं तर पुढचा खटाटोप वाचतो. मी ते न करता थेट गेले. ओळखपत्राची प्रत, दोन फोटो, विषयाचं पत्र हे सगळं नेलं होतं. खिडकीवर विचारलं, कोणत्या विद्यापीठाच्या? कोणत्याच नाही म्हटल्यावर शिफारसपत्र आणायला सांगितलं. माझ्या जुन्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या बाईंनी ते दिलं, पण त्यात विषय ‘कथालेखन’ असा लिहिला म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या पत्रात ‘अठराव्या शतकातील लष्करी जनावरांची दाणावैरण’ असं लिहिलं आणि तो मंजूर झाला. तोच अभ्यास, तीच मी. सगळं मिळून १९ दिवस आणि रजेचे चार दिवस गेले. तुम्ही पहिल्याच अर्जात अभ्यासाचा विषय आणि कालखंड लिहा.

रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला जुन्या कागदांचा गठ्ठा, उघडला तो क्षण मी विसरणार नाही. कापडाची गाठ सुटली आणि जुन्या कागदाचा कोरडा वास आला. मी तीन महिने मोडीचा वर्ग केला होता, तरी पहिला तासभर एक ओळ लागेना. अक्षरं एकात एक गुंतलेली, वर एक लांबच लांब रेघ. मग एका ओळीत ‘चंदी’ हा शब्द लागला. च, त्याला अनुस्वार नाही, पुढे दी. घोड्याला रोज मिळणारा दाणा. मी त्या शब्दावर बोट न टेकवता बोट धरून बसले. सगळं वाचणं माझ्या आवाक्यात नव्हतं, म्हणून पुढे एका मोडी वाचकांची मदत घेतली. अकरा पानांचे २,२०० रुपये झाले. पूर्ण खर्चातला हा सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात योग्य ठिकाणी गेलेला.

त्या वाचनातून एक फरक माझ्या डोक्यात पक्का बसला. तो मला पुस्तकातून माहीत होता, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. बारगीर सरकारी घोड्यावर बसतो. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येतो. आता घोड्याच्या जागी बैल ठेवून बघा. शिलेदार ‘स्वतःचा’ बैल घेऊन येणार. तो बैल कुठला? दावणीचा. पाभरीचा, म्हणजे पेरणीचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी माणदेशात गेले. खिलार बैल तिकडचा. अंगाने हलका, पायाने चपळ. दक्षिणेतल्या हल्लीकर, अमृतमहाल या जातींशी त्याचं नातं सांगतात. हैदरअलीने अमृतमहाल बैलांच्या जोरावर चिदंबरमच्या मदतीला अडीच दिवसांत शंभर मैल मजल मारली अशी नोंद आहे, आणि १७९९ नंतर इंग्रज सेनापती वेलस्लीनेही हेच बैल तोफा ओढायला वापरले. पण ती सगळी ओढणारी जनावरं. पाठीवर माणूस घेऊन लढणारा बैल मला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला सापडला. तिथले खोईखोई लोक बैलावर बसत आणि लढाईतही बैल वापरत. खिलारावर स्वार बसला तर काय होतं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

ज्यांच्या गोठ्यात गेले त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे. मी भीत भीत विचारलं, बैलावर कधी बसलात का? ते थोडा वेळ गप्प राहिले. “म्हशीवर बसलो लई, ल्हानपणी. बैलावर न्हाई. त्यो महादेवाचा हाय, ताई.” मग मी सगळी कथा सांगितली. साथ, पागा, निजाम, सगळं. ते ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, “माणूस नको. पोती टाकून बघू.”

चौसा, म्हणजे चार दात आलेला, बैल होता, पांढराशुभ्र, शिंगं मागे वळलेली. अण्णांनी त्याच्या पाठीवर घोंगडी घडी करून टाकली, तिच्यावर दोन बाजूंना अर्धी अर्धी भरलेली दोन पोती. बैल तीसेक पावलं चालला आणि पोती डावीकडे उतरली. पुन्हा चढवली, पुन्हा उतरली. अण्णांनी माझा हात धरून वशिंडामागच्या कातडीवर ठेवला. मूठभर कातडी सहज हातात आली, ओली चादर धरावी तशी. घोड्याची कातडी पाठीला घट्ट असते, खोगीर बसतं. इथे खोगीर कातडीसकट सरकणार. मग त्यांनी दोर वशिंडाच्या पुढून घेतला, छातीखालून आणला आणि मागे शेपटीखाली अडकवला. पोती राहिली. माझ्या कथेतलं खोगीर त्या दुपारी तयार झालं. लगामाचंही तसंच. तोंडात लोखंड घातलं तर बैल रवंथ करणार कसा? म्हणून वेसण आणि कासरा. पण वेसणीला झटका बसला की नाक फाटतं, त्यामुळे स्वाराला एका हाताने भाला आणि दुसऱ्याने गर्रकन वळण असं करता येत नाही. बैल मोठं वळण घेतो. फौज धारेसारखी वळत नाही, नदीसारखी वळते.

उठताना त्यांनी पायाकडे बोट दाखवलं. घोड्याला चार नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. दहा हजारांची फौज म्हणजे ऐंशी हजार पत्र्या. हे मी वहीत तिथेच लिहिलं.

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस चांगला झाला तेव्हा मी काळ्या रानात जाऊन उभी राहिले, केवळ चिखल बघायला. बैलाचा खूर चिखलात टेकताना फाकतो आणि वर येताना मिटतो, त्यामुळे पाय सुटून येतो. उंटाचा तळवा मऊ आणि सपाट. वाळूवर पसरतो, ओल्या काळ्या मातीवर घसरतो. ओलसर हवेत माश्यांमुळे त्याला सर्रा नावाचा रोग होतो ते वेगळंच. बाजीरावाला जिंकायची वाट तिथे दिसली. लढाई फाल्गुनात करायचीच नाही. मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि पावसाळ्यात छावणी करायच्या. माझ्या जगात उलटं होईल. पावसाळ्यात निघायचं, उंट चिखलात अडकलेले असताना.

पण पावसाळ्यात बैल कुठे असतो? पेरणीवर.

हे लक्षात आलं तेव्हा मी बांधावरच बसले. घोडा शेतीच्या बाहेरचा होता. तो लढाईला गेला तरी नांगर थांबत नव्हता. बैल गेला की त्या वर्षी त्या घरात दाणा नाही. कथेचा प्रश्न मग ‘बाजीराव जिंकेल का’ असा राहिलाच नाही. एका शिलेदाराची आई दावणीपाशी उभी आहे, आभाळ भरून आलं आहे, आणि मुलगा कासरा सोडतो आहे. मी लढाईचं प्रकरण तात्पुरतं बाजूला ठेवलं आणि ही बाई लिहायला घेतली. सोळा दिवसांत साडेतेरा हजार शब्द झाले.

३१ जुलैला, शेवटच्या दिवशी, एका दिवाळी अंकाला कथा पाठवली. दिवाळी अंकाचं साहित्य साधारण जुलै-ऑगस्टमध्ये मागवतात, त्यामुळे मागे मोजत या. ऑगस्टमध्ये कॉपीराइट नोंदणीचा अर्ज केला. कायद्याने कथा लिहिली की हक्क आपोआप मिळतोच, नोंदणी सक्तीची नाही. पण पुढे पुस्तक करायचं असेल, वाद झाला तर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते. अर्ज ऑनलाइन, नमुना १४, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये. शुल्क भरलं की डायरी क्रमांक मिळतो आणि आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं. त्यानंतर तपासणी. माझ्याकडून एक चूक झाली. अर्जात शीर्षकाचं स्पेलिंग एक आणि जोडलेल्या प्रतीवर दुसरं. त्रुटीचं पत्र आलं, दुरुस्ती पाठवली, त्यात हिवाळा गेला. मराठी शीर्षक रोमन लिपीत लिहिताना सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. आणि नोंदणी लेखनाची होते, कल्पनेची नाही. बैलांची फौज उद्या कुणीही लिहू शकतं, आणि लिहावी.

संपादकांचा फोन ४१ व्या दिवशी आला. कथा घेतली होती, पण आठ हजार शब्दांत हवी होती, बारा दिवसांत. लढाईची पंधरा पानं सोडायला सांगितली. मी दोन दिवस वाद घातला. त्यांचं म्हणणं होतं, “बाई, तुमची कथा गोठ्यात आहे, रणात नाही.” तिसऱ्या दिवशी मी पंधराही पानं काढली. बाजीराव आता कथेत येतच नाही. लांबून नौबत ऐकू येते एवढंच. ते वाचताना मला मोकळं वाटलं, जिंकण्या-हरण्याचं ओझं उतरल्यासारखं. मुद्रितशोधनासाठी दोन दिवस मिळाले. अंक दिवाळीच्या आठवडाभर आधी आला. मानधन २,५०० रुपये मार्चमध्ये जमा झालं. म्हणजे मोडी वाचकांचा खर्च निघाला, प्रवास आणि शुल्क खिशातून.

अंकाची एक प्रत अण्णांना पोस्टाने पाठवली होती. डिसेंबरात त्यांच्या नातीने फोन लावून दिला. तिने कथा त्यांना वाचून दाखवली होती, दोन रात्रींत. दोर शेपटीखालून घेतल्याचं वाचलं तेव्हा ते खूश झाले म्हणे. मग म्हणाले, “ताई, एक चुकलंय. पेरणीच्या बैलाला पत्री मारलेली दावलीस तू. पाभरीवर चालनाऱ्या बैलाला कोन पत्री मारतं? मऊ रानात काय करायची? पत्री रस्त्याला.”

मी फोन ठेवला आणि वही काढली. पेरणीचा बैल बिनपत्रीचा असेल, तर स्वारीवर निघण्याआधी त्याला आडवा पाडून, पाय बांधून आठ पत्र्या ठोकाव्या लागणार. गावातल्या प्रत्येक दावणीच्या बैलाला, एकाच दिवशी. म्हणजे स्वारीचा हुकूम आल्याचं त्या आईला कुणी सांगायची गरजच नाही. ती रानात असेल, आणि भर आषाढात तिला गावाकडून हातोड्यांचा आवाज ऐकू येईल. पुस्तकासाठी कथा आता तिथून सुरू होते.